आबांचा बेंच आणि टिंबर मार्केटमधले मेस्त्री

आबांचा बेंच दुरुस्त होऊन घरी आला तो जानेवारीत. तेव्हाच लिहिणार होते, पण मुद्दाम थांबले. उन्हाळ्यात कुठलंही लाकूडकाम देखणंच दिसतं. कोल्हापुरात आषाढ-श्रावण निघाला, भिंतींना ओल आली, कपाटांची दारं अडकायला लागली, की कुणी काम केलंय आणि कुणी नुसतं चकाकवलंय ते उघडं पडतं. आता गौरी-गणपतीही होऊन गेले. आज सविस्तर लिहिते, कारण जुनं लाकडी सामान घेऊन 'हे कुणाकडे न्यावं' म्हणून विचारत फिरणारे बरेच जण मला भेटतात, आणि मी स्वतः तीन वर्षं अशीच फिरले आहे.

आबा पॅटर्नमेकर होते. उद्यमनगरातल्या फाउंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न करायचे. पंपाची बॉडी, तेलाच्या इंजिनाचं फ्लायव्हील, उसाच्या चरकाची दातेरी चाकं. ओतकामाआधी ती वस्तू हुबेहूब लाकडात करायची, वाळूत ठोकून तिचा साचा घ्यायचा आणि त्या पोकळीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं, असं ते काम. त्यात केसाएवढी चूक चालत नाही, कारण लाकडातली चूक जशीच्या तशी बीडात उतरते. हे सगळं आबांनी ज्या बेंचवर केलं तो सहा फूट लांब, दोन फूट रुंद. तीन इंच जाडीच्या तीन सागवानी फळ्या सरसानं, म्हणजे जुन्या पद्धतीच्या गोंदानं, एकमेकींना जोडलेल्या, डाव्या हाताला काम घट्ट धरणारा वाइस, मध्ये एक खण, आणि खाली बीडाचे दोन पाय. पायांचे पॅटर्नही आबांनीच केले होते. नुसतं वरचं लाकूडच ५०-५५ किलोचं भरेल.

बेंच शाहूपुरीतल्या आमच्या जुन्या घरात, तळमजल्यावर. ज्यांना कोल्हापूर माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे आकडे आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी घरात शिरलं आणि बेंच पूर्ण बुडाला. पाणी ओसरल्यावर आम्ही चिखल धुतला, दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या, आणि दोन-तीन महिन्यांत तो वाळून पूर्वीसारखा झाला. फक्त फळ्यांच्या सांध्यात एक बारीक रेघ दिसायला लागली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. लाकडी कपाट तरंगत दारापर्यंत आलं होतं, बेंच मात्र पायांच्या वजनानं जागच्या जागी होता. या वेळी सांधे जास्त सुटलेले वाटले. आता फळ्या वेगळ्या होतील या धास्तीनं आम्ही ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडून खालच्या बाजूनं दोन लोखंडी पट्ट्या आडव्या मारून घेतल्या. जाड स्क्रू, एका पट्टीला आठ. तो बांधल्यासारखा घट्ट झाला आणि आम्ही निश्चिंत झालो.

पुढच्या एप्रिलमध्ये एका रात्री खालून ताडकन आवाज आला. मला वाटलं कौल पडलं. सकाळी बघते तर मधल्या फळीला एका टोकापासून जवळजवळ निम्म्यापर्यंत भेग, आणि पुढच्या सांध्यात पैसा उभा घुसेल एवढी फट. त्या दिवशी मी बेंचवर हात ठेवून बराच वेळ नुसती उभी होते. आबा जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि पुन्हा एकदा काहीतरी गेल्यासारखं वाटलं.

पहिल्यांदा मी एका जुन्या फर्निचरला नवं रूप देणाऱ्या दुकानात गेले. नाव लिहीत नाही. त्यांचा माणूस घरी आला, फोटो काढले, आणि मोबाइलवर चित्र दाखवलं की बेंच 'झाल्यावर' कसा दिसेल. मशिननं वरून पाच-सहा मिलिमीटर तासायचं, भेगांत भुसा आणि गोंदाचं पुटिंग भरायचं, कडा गोल करायच्या आणि वर काचेसारखं चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग. दिवाणखान्यात टीव्हीखाली शोभेल म्हणाला. २८,००० रुपये. पुढच्या कडेवरून बोट फिरवत तो म्हणाला, "मॅडम, हे ओरखडे पण सगळे निघून जातील." तिथेच मी त्याला नको म्हटलं. ते ओरखडे नव्हते. ते काय होतं ते पुढे सांगते. त्या दुकानाचं काम वाईट असेल असं माझं म्हणणं नाही. पण मला टीव्हीखाली ठेवायला टेबल नको होतं. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्तीनंतर शाळांसाठी लाकडी घनाकृती करते. शंकू, वृत्तचिती, आणि दहावीच्या मुलांना चित्रावरून कधीच नीट न कळणारा शंकूछेद, म्हणजे टोक कापलेला शंकू. मला करवत चालवायला, पटाशी मारायला बेंच हवा होता.

मेस्त्रींचा पत्ता मला टिंबर मार्केटमधल्या एका वखारीत मिळाला. तिथे मी सागाचे तुकडे घ्यायला जाते. वखारीच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड आहे, पाटी नाही, व्हिजिटिंग कार्ड नाही. मेस्त्री साठीच्या पुढचे, हाताखाली एक पुतण्या. मी फोटो पुढे केला तर त्यांनी मोबाइल हातातच घेतला नाही. "फोटोत वरचं दिसतंय ताई. मला खालचं बघायचं हाय."

दुसऱ्या दिवशी ते घरी आले आणि मांडी न घालता, चहा न घेता थेट बॅटरी घेऊन बेंचखाली पाठीवर आडवे झाले. दहा-बारा मिनिटं तिथेच. मग खालूनच म्हणाले, "ह्या पट्ट्या कुणी मारल्या?"

मी सांगितलं. ते बाहेर आले, कपडे झटकले आणि जे बोलले ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. "पाण्यानं न्हाई फुटला हा. पट्टीनं फुटला."

त्यांनी मला वाकून बघायला लावलं. आबांनी ओतून घेतलेल्या पायांच्या वरच्या अंगाला बोल्टसाठी जी भोकं आहेत ती गोल नाहीत, लांबट आहेत, आणि लांबट आहेत ती बरोबर रुंदीच्या दिशेनं. लहानपणापासून त्या बेंचखाली मी बसले, खेळले, लपले, पण त्या भोकांकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. मेस्त्री म्हणाले, "लाकूड पावसाळ्यात फुगतं आन उन्हाळ्यात आवळतं. पण ते रुंदीला. लांबीला हलत न्हाई म्हणा की. ज्यानं हे भोक केलं त्याला हे ठाव हुतं. बोल्ट त्यात मागंपुढं सरकतो." आणि आम्ही काय केलं होतं? पुराच्या पाण्यानं टम्म फुगलेल्या अवस्थेत त्याला दोन लोखंडी पट्ट्यांनी जखडलं. लाकूड वाळत गेलं, आवळायला लागलं, पट्टी काही आवळू देईना. एप्रिलच्या उन्हात ताण असह्य झाला आणि जिथे कमजोर होतं तिथे ते फाटलं. म्हणूनच २०१९ ला काही झालं नाही. दोन्ही पुरांत पाणी तेवढंच होतं, फरक फक्त आमच्या काळजीचा होता.

ज्यांच्या घरी जुनं टेबल, दिवाण, पाट, काहीही जाड सागवानी आहे त्यांना कळकळीनं सांगते: सांधा सुटला म्हणून आडवी लोखंडी पट्टी स्क्रूनं ठोकू नका. मारायचीच असेल तर भोकं लांबट करून घ्या.

मग ते पुढच्या कडेला आले. आबांनी तिथे धारदार सुरीनं बारीक आडव्या रेघा कापलेल्या आहेत, एकापासून चोवीसपर्यंत, दर सहावी रेघ थोडी लांब. पहिल्या दुकानवाल्याचे 'ओरखडे' ते हेच. मेस्त्रींनी खिशातला टेप काढला, लावला. काढला, परत लावला. चष्मा पुसला.

"ताई, हे चोवीस इंच म्हणून आखलंय, पण भरतंय सव्वाचोवीस." थोडं थांबून म्हणाले, "वडील पॅटर्नला हुते काय?"

मी त्यांना तोवर काहीच सांगितलेलं नव्हतं. बीड थंड होताना आकसतं, फुटाला साधारण एक अष्टमांश इंच. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि दर वेळी हिशेब करत बसायला नको म्हणून पॅटर्नमेकरची मोजपट्टीच तेवढी मोठी असते. तिच्यावरचा एक फूट हा खऱ्या फुटापेक्षा एक अष्टमांश इंचानं जास्त. पितळेला आणखी जास्त, स्टीलला तर बिडाच्या दुप्पट, फुटाला पाव इंच. आबांकडे अशी पोलादी मोजपट्टी, म्हणजे संकोच पट्टी, होतीच, पण हाताशी असावी म्हणून बिडासाठीची त्यांनी बेंचच्या कडेवरच कोरून घेतली होती. कुठल्याही गणिताच्या वर्गात मला गुणोत्तर यापेक्षा स्पष्ट दाखवता आलं नसतं. ज्या माणसानं नुसता टेप लावून ती ओळखली, त्याच्या हातात बेंच द्यायचा हे माझं तिथेच ठरलं.

ठरलं खरं, पण त्यांनी लगेच घेतला नाही. तो होता सप्टेंबर. "दिवाळी होऊ द्या, हवा कोरडी होऊ द्या. आत्ता जोडला तर परत तेच." पट्ट्या मात्र त्याच दिवशी काढून टाकल्या. नोव्हेंबरच्या शेवटी छोटा हत्ती आला आणि बेंच शेडमध्ये गेला.

मी आठवड्यातून एकदा तरी जाऊन बसायचे. त्यांना ते आवडत असावं, निदान त्यांनी कधी जा म्हटलं नाही. आधी दोन आठवडे त्यांनी फळ्या सुट्या करून, मध्ये पट्ट्या देऊन सावलीत नुसत्या रचून ठेवल्या. सुट्या करणंही बघण्यासारखं होतं. आबांनी सरस वापरला होता. सरस पाण्यानं सुटतो, पुरात सांधे उघडले ते त्यामुळेच. पण त्याचाच आता फायदा झाला. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं सांध्यावर ठेवायचं, थोड्या वेळानं पातळ सुरी सरकवायची, की सांधा लाकूड न फाडता मोकळा. आजकालच्या गोंदानं जोडलेलं असतं तर करवतच लावावी लागली असती. पुतण्यानं ओलावा मोजायचं दोन टोचण्यांचं छोटं यंत्र आणलेलं होतं. ते लावून आकडा बघायचा आणि खडूनं फळीवर तारखेसकट लिहायचा. पहिल्या दिवशी १७, शेवटी १२. बारा आल्यावरच मेस्त्रींनी रंध्याला हात लावला.

रंधा मारण्याआधीची एक गोष्ट मी कधीच विसरणार नाही. पुराचा गाळ सागाच्या रंध्रांत बसलेला असतो. वरून धुतलं तरी आत राहतो. तो गाळ म्हणजे बारीक वाळूच, पात्याची धार दोन हात मारताच जाते. म्हणून आधी ताठ ब्रशनं, लाकडाच्या रेषेच्या दिशेनं, पाणी कमीत कमी वापरून घासणं. मग लोहचुंबक फिरवून तुटक्या खिळ्यांचा शोध. अकरा सापडले. दोन खिळे पार खोल होते, ते न काढता खाली दाबले, कारण काढताना जेवढं लाकूड गेलं असतं तेवढं ते खिळे नडत नव्हते. मला ही वृत्ती फार आवडली. काय काढायचं यापेक्षा काय ठेवायचं याचा विचार आधी.

सांध्यांच्या कडा नव्यानं सरळ करताना रुंदी सेंटीमीटरभर कमी होईल, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तेवढीच झाली. सांध्यांना या वेळी पाण्याला दाद न देणारं फेव्हिकॉल मरीन. शिकंजे लावून रात्रभर. मधल्या फळीच्या भेगेत पुटिंग नाही. एका पाडलेल्या वाड्याच्या चौकटीचा जुना साग त्यांच्याकडे पडून होता, त्यातून पाचरीसारखी निमुळती पट्टी काढली, दोन्हींच्या रेषा एका दिशेला येतील अशी, आणि भेगेत हलक्या हातानं ठोकून बसवली. भेग आणखी सरकू नये म्हणून तिच्यावर आडवे तीन डमरू. डमरूच्याच आकाराचे शिसवीचे तुकडे, मध्ये बारीक, दोन्हीकडे रुंद, एक इंच खोल खाच करून आत बसवलेले. सागाच्या पिवळसर तपकिरीत ते काळेभोर डमरू उठून दिसतात. मी विचारलं, सागाचेच का नाही केले, दिसलेच नसते. म्हणाले, "दुरुस्ती केलीया ते लपवायचं कशाला?"

वरचा पृष्ठभाग त्यांनी मशिननं तासला नाही. दोन सरळ पट्ट्या बेंचच्या दोन टोकांना उभ्या ठेवून, खाली वाकून एका डोळ्यानं एकीवरून दुसरी बघायची. दोन्हींच्या वरच्या कडा समांतर दिसल्या नाहीत तर फळीला पीळ आहे. मागच्या उजव्या कोपऱ्यात पीळ होता. तिथे काव (तांबडी माती) चोळून लोखंडी रंधा आधी तिरपा, मग उभा. काव जिथली जाईल तिथे उंचवटा. असं करत करत सगळं मिळून वरून दीड-दोन मिलिमीटरच गेलं असेल. आबांच्या पटाशीचे खोल वार, सरसाच्या गरम भांड्यानं उमटलेलं काळं वर्तुळ, सगळं जागेवर आहे, फक्त हात फिरवला तर कुठे अडत नाही. पुढच्या कडेला त्यांनी पहिल्याच दिवशी चिकटपट्टी लावून टाकली होती. काम संपेपर्यंत पुतण्यालाही तिथे पॉलिश पेपर नेऊ दिला नाही.

वरून पीयू नाही, लाखेचं पॉलिशही नाही. डबल बॉइल्ड जवसाचं तेल. पहिला हात निम्म्यास निम्मं टर्पेंटाइन घालून, म्हणजे आत मुरतं. वीस मिनिटांनी वरचं सगळं तेल कोरड्या फडक्यानं पुसून काढायचं, नाहीतर चिकट थर राहतो. दोन दिवस सोडून दुसरा, मग तिसरा. खालच्या बाजूलाही तेवढेच हात, कारण एकाच अंगानं ओलावा घेतला-सोडला तर फळी वाकते. कामाच्या बेंचवर कोटिंग का नको ते वापरताना कळलं. कोटिंगवर हातोडी पडली की टवका उडतो आणि तिथून पाणी आत शिरतं, शिवाय गुळगुळीत पृष्ठभागावर काम सरकतं. तेलाच्या लाकडावर वार पडला तर पडला, वर्षातून एकदा फडक्यानं तेलाचा हात फिरवायचा.

कुणी घरी करणार असाल तर दोन गोष्टी. घाण्यावरचं खायचं जवस तेल आणू नका, ते दिवसेंदिवस वाळत नाही. रंगाच्या दुकानात बॉइल्ड मागा, आणि तेही पोळपाटाला वगैरे लावू नका, त्यात वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. दुसरं जास्त महत्त्वाचं. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल हवेत वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि फडकं काडी न लावता पेट घेऊ शकतं. मेस्त्री प्रत्येक फडकं शेडबाहेर तारेवर एकेरी वाळत घालायचे.

वाइस गंजून बसला होता. रॉकेलमध्ये ठेवून, तारेच्या ब्रशनं साफ करून सुरू झाला, तोंडाला नव्या सागाच्या पट्ट्या बसवल्या. खण पूर्वीचाच.

आता पैसे. मजुरी १२,०००, लाकूड, गोंद, तेल मिळून ३,४००, टेम्पो जाऊन-येऊन १,२००. एकूण १६,६००. आगाऊ ५,००० घेतले होते. जे आधी सांगितलं त्यापेक्षा एक रुपया जास्त मागितला नाही.

जे बरं वाटलं नाही तेही लिहायला हवं. तीन आठवडे सांगितले होते, लागले सात. वाळवणीचे दिवस मला मान्य आहेत, पण ते त्यांनाही आधीपासून ठाऊक होते, तर सात सांगायला हवे होते. फोन उचलत नाहीत. पुतण्या उचलतो, पण त्याला विचारलेलं मेस्त्रींपर्यंत पोहोचेलच असं नाही. काही हवं असेल तर जाऊनच बोलायचं, आणि सगळ्यांना ते जमणारं नाही. पावती नाही, वहीच्या कागदावर पेन्सिलीनं आकडे. वाइस बसवताना त्याचं तोंड बेंचच्या वर दोन मिलिमीटर राहिलं होतं. लांब फळी आडवी ठेवली की डुगडुगायची. मी सांगितलं तर दोन आठवड्यांनी येऊन, वाइस सोडवून, बेंच आणि वाइसच्या मध्ये पातळ पट्टी देऊन बरोबर करून गेले, पैसे न घेता, पण हे पहिल्याच वेळी बघायला हवं होतं. आणि खण जुलैत अडकला. माझ्या मते कोरड्या हवेत तो जास्तच घट्ट ठेवला गेला. बाजूंना मेणबत्ती घासून सध्या चाललंय, या उन्हाळ्यात थोडा रंधा मारून घेणार आहे. तेलाचा वासही पहिले पंधरा दिवस घरभर होता, ज्यांना त्रास होतो त्यांनी बेंच तेवढे दिवस बाहेर ठेवावा.

कुणी जावं याबद्दल माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना आजोबांचं टेबल दिवाणखान्यात आरशासारखं चमकायला हवंय त्यांनी या शेडमध्ये जाऊ नये. मेस्त्री ते काम घेणार नाहीत, किंवा घेतलं तर मन लावून करणार नाहीत. पण ज्यांना जुन्या लाकडावर पुन्हा काम करायचंय, जेवायचंय, पोळ्या लाटायच्यात, लिहायचंय, त्यांनी टिंबर मार्केटमधल्या वखारींत 'रंधा मारून काम करणारे मेस्त्री' म्हणून विचारावं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जाऊन नंबर लावावा. आणि फोटो नेऊ नये, त्यांना घरी बोलवावं.

या पावसाळ्यात पाणी घरात आलं नाही. पण हवेतली ओल तर सगळीकडे होतीच. जानेवारीत बेंच आला त्या दिवशी मी वहीत रुंदी लिहून ठेवली होती: ६०० मिलिमीटर. ऑगस्टअखेर पुन्हा मोजली, ६०३. खाली आडवी होऊन बॅटरी मारली तर लांबट भोकांत बोल्ट थोडे सरकलेले दिसले, आधीच्या जागेवर वॉशरची चकचकीत खूण राहिली होती. तिन्ही डमरू बसवले तसेच. भेगेच्या टोकाला मी जानेवारीत पेन्सिलीची बारीक रेघ मारून ठेवली होती, भेग तिच्यापलीकडे गेलेली नाही. वर शंकूछेदाचे सहा नमुने झाले, सातवा वाइसमध्ये आहे.

मग पुढच्या कडेला टेप लावला. आबांच्या चोवीसच्या रेघेवर सव्वाचोवीस.